घोडीच्या पाठीवरचं ऊन

दुपारच्या गपगार वेळेला पालात ठणकन आवाज झाला. पिठाच्या डब्याचं झाकण चुलीच्या दगडावर पडलं. कोंबड्या फडफडल्या. सावलीला पडलेल्या कुत्र्यानं एक कान उचलला. बाहेर बांधलेली तांबडी घोडी मान वळवून आत बघायला लागली. खुंटाला टेकून डुलक्या काढणाऱ्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दचकून म्हणाल्या, "काय पाडलंस गं?"

बानू तेवढी वळली नाही. माझ्याकडं पाठ करून ती मातीत खड्यांची मेंढरं मांडत होती, ती मांडतच राहिली.

झाकण पडलं नव्हतं, मी पाडलं होतं. असं काही ना काही पाडत राहायची सवय मला त्या वर्षी लागली होती. कधी उलथनं, कधी पळी. आमच्या बिऱ्हाडातलं एक भांडं बिनपोच्याचं राहिलं नव्हतं. आवाज झाला आणि बानूनं मागं बघितलं, की माझा जीव भांड्यात पडायचा. आज तिनं बघितलं नाही. दोन्ही कानांमागं ऐकायची मशीनं जागच्या जागी होती, पण बंद. सूर्य अजून डोक्यावर, आणि माझ्या पोरीच्या कानात मात्र तिन्हीसांजा झालेल्या.

हे लिहिते आहे तेव्हा धाकटा झोळीत झोपलाय आणि मेंढरं रवंथ करत बसली आहेत. दोन्हीकडून एकदम शांतता असा वेळ मला फार मिळत नाही, म्हणून जमेल तेवढं भराभर सांगून टाकते.

बानू माझी थोरली. तेव्हा चार वर्षांची. जन्मली ती शांत. शेजारी ढोल वाजला तरी पोरीची झोपमोड नाही, म्हणून आम्ही कौतुकच करत होतो, काय गुणाची लेक म्हणून. तो गुण नव्हता हे कळेपर्यंत बराच काळ गेला. मग तालुक्याच्या दवाखान्यात बागवान मॅडमनी तिच्या कानांमागं शेंगदाण्याएवढी दोन मशीनं बसवली. चालू केल्याबरोबर बानूनं आधी छताकडं बघितलं, मग पंख्याकडं, मग माझ्याकडं. मी काहीतरी बोलत होते. तिनं हात पुढं केला आणि माझ्या तोंडावर ठेवला, गळक्या हंड्याला बोट लावावं तसा. मॅडम हसल्या. मला ते जमलं नाही.

मॅडमनी बजावून सांगितलं, की पोर उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन कानात पाहिजे आणि चालू पाहिजे. आणि आईचं तोंडही चालू पाहिजे. काय करताय, कशाला करताय, सगळं बोलत राहायचं. ऐकून ऐकूनच ती बोलेल. शेवटी म्हणाल्या, "शब्द येतील हो. आई, पाणी, दे, नको, सगळे येतील. पण ज्या दिवशी ती तुम्हाला एखादा प्रश्न विचारेल ना, त्या दिवशी मला फोन करा. मग माझी काळजी मिटली."

आता मी माहेरची घुमी. लग्नात उखाणा घ्यायला अर्धा दिवस लावलेली. पण पोरीसाठी बोलायला लागले. आता मी कांदा चिरते, बघ बानू, कांदा लाल आहे, आता मला रडू येतंय, हे खोटं रडू आहे. दिवसभर असं. आमच्या बरोबर चालणाऱ्या थोरल्या जाऊबाई, सगुणाबाई, आधी गालात हसायच्या, मग म्हणायला लागल्या, की रेणुका गप्प बसली तर आता मेंढरं चरायची थांबतील. एकदा मी पाणी आणायला गेले तेव्हा त्यांनी मागून सांगितलं, "आता मी हांडा उचलते हे सांगायचं राह्यलं बग तुझं."

बानूला शब्द यायला लागले होते. आय. मेंढी. भाकर. नको, हा तर फार जोरात. प्रश्न मात्र नव्हता.

पण आम्ही मेंढपाळ माणसं. दिवाळी झाली की माणदेशातनं बिऱ्हाडं घोड्यावर लादायची आणि घाटाकडं चालायला लागायचं ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. मेंढरं शेतात बसवायची, शेताला खत होतं, आम्हाला धान्य होतं. ह्या सगळ्यात विजेचं बटण कुठं? आणि मशीनांची ती चार्जिंगची डबी, काजळाच्या डबीपेक्षा जरा मोठी, ती तर रोज करंट मागणार.

बानूच्या वडलांनी, धुळदेवांनी, विचार करून ठेवला होता. घाटाखालच्या गावात न ऐकू येणाऱ्या मुलांची शाळा होती, राहायची सोय असलेली. बागवान मॅडमच्या ओळखीची. हे म्हणाले, "तिथं भितीत बटण हाय. दाबलं की झालं. आपण काय, चंद्राला वायर जोडणार?" ते वाईट बोलत नव्हते. पोरीला खांद्यावर घेतल्याशिवाय ज्या माणसाला भाकर गोड लागत नाही, तो माणूस हे बोलत होता. त्यामुळं भांडताही येईना.

तेवढ्यात माझा भाऊ म्हस्कू आला. तो शेतातल्या सोलर पंपांची फिटिंग करतो. त्यानं पाटाएवढा एक पॅनल आणला आणि पत्र्याच्या पेटीत बसवलेली बॅटरी. पेटीला मोबाईलची वायर खुपसायला भोकं. त्यानं समजावलं, "दिवसभर ही काच ऊन खाणार, पेटीत साठवणार. संध्याकाळी पेटीला डबी लावायची, डबीत मशीनं ठेवायची. सकाळी पोटभर जेवलेली मशीनं पोरीच्या कानात."

आत्या चष्म्यातून बारकाईनं बघत होत्या. शिबिरात ऑपरेशन करून मिळालेला तो चष्मा, पडू नये म्हणून दोरीनं डोक्यामागं बांधलेला. त्यांनी विचारलं, "आन हिनं काय करायचं?"

"काय न्हाई मावशी. आभाळाकडं तोंड करून पडून ऱ्हायचं नुसतं."

"उन्हात?"

"उन्हातच."

"काय न खाता?"

"ऊन सोडून काय न्हाई."

आत्यांनी मान डोलावली. "म्हंजी तपच की रं."

मग आमचं ठरलं. हे म्हणाले, मशीन दिवसभर चाललं तर पोर आपल्याबरोबर घाट चढेल. वाटेत बंद पडायला लागलं तर घाटाखाली शाळेत राहील. मी छातीवर हात ठेवून हो म्हणाले. हात ठेवला तो धीरासाठी नव्हता, आतली धडधड बाहेर दिसू नये म्हणून होता.

निघायच्या सकाळी आत्यांनी तांबडीच्या कपाळाला भंडारा लावला, कुऱ्हाडीला लावला, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या, खुंटांना लावला. नवी वस्तू म्हणून पॅनलच्या कडेलाही अंगठा टेकवला. आमच्यात बिरोबाची हळद लागल्याशिवाय काही चालत नाही, माणूसही नाही. मग बोचकी, हांडे, पालाच्या काठ्या, त्यावर कोंबड्यांचं डालगं आणि सगळ्यात वर, माणसाच्या डोक्याच्याही वर, आभाळाकडं तोंड करून पॅनल. तांबडी लगीनघरच्या घोडीसारखी तोऱ्यात चालायला लागली. वाटेतल्या गावात लोक म्हणायचे, आता घोडीबी आरसा घेऊन हिंडतीया का. आत्या त्यांना उत्तर द्यायच्या, "आरसा न्हाई बाबा, ऊन हाय. आमी ऊन संगं घिऊन हिंडतो."

पॅनलची सगळी उस्तवारी त्यांनी आपल्याकडं घेतली. तळावर पोचलं की तो खाली घ्यायचा, घोंगडीत गुंडाळायचा. पहाटे घोंगडी सोडून पुन्हा चढवायचा. मी त्या वेळी भांडी आवरत असायची, बानूला उठवून कानात मशीनं बसवत असायची. सासू एखादं काम आपणहून करते म्हटल्यावर कोणती सून मध्ये जाईल?

पहिले काही दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. दिवेलागण झाली तरी बानू हाकेला ओ द्यायची. मी बोलून बोलून थकायची, मशीन थकत नव्हतं. मग कुठंतरी बिनसलं. आधी सूर्य मावळायला मशीन बंद. मग मेंढरं परतायच्या आधी. आणि त्या मुक्कामाला, मी झाकण पाडलं त्या दिवशी, भरदुपारी.

चोर शोधायला सुरुवात झाली. माझा पहिला संशय जाऊबाईंवर. त्यांच्या मोबाईलवर सारखी लग्नाची व्हिडिओ चालू. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला, "बग बाई, माझाच मरून पडलाय. नणंदेची वरात अर्ध्यात थांबलीया." मग संशय ह्यांच्यावर. हे कुस्त्या बघतात. ह्यांचाही फोन काळाठिक्कर. रातची विजेरीही पेटीला लावायची त्यांनी सोडून दिली होती, कारण ती भरतच नव्हती. म्हणजे चोरी होत नव्हती. मुळात पेटीतच काही जमा होत नव्हतं.

एका शेतकऱ्याच्या फोनवरून म्हस्कूला विचारलं. तो म्हणाला, काचेवर कशाची तरी सावली पडत असेल, नीट लक्ष ठेव.

दुसऱ्या दिवशी चालताना मी मागं राहून वर बघत चालले. चोर सापडला. आत्यांचा कोंबडा. तुरा मोठा, चाल संथ, कामाचं काही करायचं नाही आणि उंच जागा सोडायची नाही, म्हणून त्याला आम्ही सरपंच म्हणायचो. डालग्यातून मान काढून, पाय काढून, तो रुबाबात पॅनलवर जाऊन बसला होता. ऊन खालून वरून दोन्हीकडून शेकून घेत होता. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच बानूला उचलून फिरवली. सरपंचाला खाली उतरवला, दोरी घालून जाऊबाईंच्या घोड्यावर पाठवला. जाऊबाई म्हणाल्या, "आमच्याकडं का? निवडून तुमी दिलाय."

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बंद.

मग ह्यांनी डोकं चालवलं. घोडी सकाळी पश्चिमेला चालते, म्हणजे ऊन मागून येतं, म्हणजे पॅनल शेपटीकडं कलता पाहिजे. खालून बोचकं सरकवून त्यांनी तो जरा कलता केला. दुपारनंतर ऊन पुढं आलं. मग त्यांना वाटलं, घोडीच उलटी चालवावी. तांबडीला उलटं चालवायचा प्रयत्न त्यांनी भर रस्त्यात केला. तांबडी दोन पावलं मागं गेली, मग तिनं त्यांच्याकडं असं काही बघितलं की त्यांनी लगाम माझ्या हातात दिला आणि मेंढरांकडं निघून गेले.

हसायचं होतं ते हसून झालं. पण घाट दिसायला लागला होता. निळा डोंगर रोज जरा जरा काळा आणि मोठा होत होता, आणि बानू दिवसाचा अर्धा भाग पुन्हा तिच्या जुन्या गावाला जाऊन राहत होती, जिथं मला वाट नव्हती. मी बोलत राहायची. आता मी चूल पेटवते, बघ बानू, जाळ. ती माझ्या ओठांकडं बघायची, मग कंटाळून खड्यांकडं वळायची. तिचं 'भाकर' पुन्हा 'भा' झालं. त्या संध्याकाळी ह्यांनी तिला जरा जास्त वेळ खांद्यावर ठेवलं.

सकाळी निघतानाही ती त्यांच्या खांद्यावरच होती. तांबडी शेजारी, लादून तयार. बानू वरून वाकली, घोडीच्या पाठीवरच्या ओझ्यावर थापा मारल्या, आणि माझ्याकडं झेपावली. मी तिला घेतलं, तिनं दोन्ही हातांनी माझे गाल धरले. जाऊबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अगं, पुन्यांदा लगीन लागतंय का काय तुझं?"

मी गालाला हात लावला. पिवळा. बानूचे तळवे बघितले. पिवळे, दाट, तेलकट.

ह्यांना म्हटलं, जरा पॅनल खाली घ्या.

काच नव्हती ती, नवरी होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तेलात कालवलेला भंडारा, थरावर थर, वाऱ्यानं उडू नये म्हणून अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेला. मधोमध बानूच्या दोन पंजांचे ठसे, तेवढ्याच जागेतून काळी काच डोकावत होती. आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून ही नवरी रोज चालली होती आणि कुणाला दिसली नव्हती.

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. आत्या पुढं सगुणाबाईंच्या घोड्याचा पट्टा आवळत होत्या.

"तुम्ही सांगा," मी हळूच म्हटलं. "तुमची आई हाय."

"तुझ्या भावाची काच हाय."

"बिरोबाचा भंडारा पुसा म्हणून मी सांगू? नव्या घरात टिकायचं हाय मला."

"लगीन होऊन सहा वर्सं झाली. घर नवं कसं?"

"तुम्हाला जुनं असंल."

बाराशे मेंढरं एका शिट्टीत वळवणारा माणूस, आईचं नाव निघालं की त्याला लगेच मेंढरांची आठवण व्हायची. त्याला ती झाली, आणि तो गेला.

मग मी बायकांची वाट धरली. तळावर पाण्याला जाताना पॅनल पदराखाली नेला, ओढ्यात राखेनं घासून लख्ख केला, आणून घोंगडीत गुंडाळून ठेवला. म्हटलं, कुणाला सांगायला नको, कुणाचं मन मोडायला नको.

पहाटे आत्यांची हाक आली. घोंगडी उघडी टाकून त्या पॅनलपुढं उकिडव्या बसल्या होत्या. डोळे भरलेले, चेहरा फुललेला.

"रेणुका, बग. घेतला."

"काय घेतला?"

"देवानं भंडारा घेतला. समदा. कण ठेवला न्हाई." त्यांनी माझा हात धरला. "तुला बोलले न्हाई मी. नवस बोललीया. पोर धड बोलायला लागंस्तवर रोज पहाटं ह्याला भंडारा लावीन म्हणून. हे ऊन खाऊन पोरीला आवाज देतंय, मग देवाचंच की ते. आज त्यानं घेतला. आता पोर बोलतीया बग."

आणि त्यांनी पिशवी जवळजवळ मोकळी करून, कालच्या दुप्पट भंडारा, दुप्पट तेलात, माझ्यासमोर, माझ्याच धुतलेल्या काचेवर थापला. मी बघत राहिले.

घाटाखालचं गाव आता एका मजलेवर होतं. ह्यांनी न्याहारीला बसल्यावर ते शेवटी बोलून टाकलं. उद्या गावाच्या कडेला तळ पडेल. परवा सकाळी शाळेत फोन करून पोरीला नेऊन ठेवू. सुट्टीला आणू. त्यांच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच होता.

आत्यांना हे ठरलेलं माहीत नव्हतं. त्या उठल्या. "कुटं ठिवायची?"

"शाळंत."

"का? पोरगी काय मेंढराच्या पाठीमागं पळाया लागली? का तुमाला जड झाली?"

"मशीन चालत न्हाई आई. दुपारपतूर बंद पडतंय."

"का बंद पडतंय? तप करतंय की ते रोज."

हे माझ्याकडं बघायला लागले. जाऊबाईही. त्यांना सकाळीच सगळं सांगितलं होतं, त्या पदर तोंडावर धरून उभ्या होत्या. सगळ्यांच्या मध्ये बानू, कान चालू होते तोवर आमच्या भांडणाकडं मान इकडं तिकडं करत ऐकत होती. मी तिच्याकडं बघितलं आणि माझ्यात कुठून काय आलं कोण जाणे.

मी आत्यांच्या भंडाऱ्याच्या पिशवीत अंगठा घातला, तळाशी उरलेला भंडारा घेतला, पॅनलवरच्या तेलात बुडवला. आत्यांसमोर गेले, वाकून पाया पडले, आणि उठून त्यांच्या चष्म्याच्या एका काचेला लावला. मग दुसऱ्या. चांगला दाबून, वाऱ्यानं उडू नये असा.

जाऊबाईंच्या पदरामागून घोगरा आवाज आला. हे उभेच राहिले. आत्या हात पुढं करून चाचपायला लागल्या.

"अगं ए. दिसना की मला."

"तिलाबी दिसत न्हाई, आत्या," मी म्हटलं. "त्या काचेलाबी ऊन दिसत न्हाई."

मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मला वाटलं, आता माझं बोचकं माहेरच्या वाटेला लागलं. आत्यांनी दोरी सोडून चष्मा काढला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग पॅनलजवळ बसल्या. तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"म्हंजी काल पाण्याला गेलीस तवा तूच धुतलास."

"व्हय."

"देवानं न्हाई घेतला."

त्यांनी शेजारचा तांब्या उचलला, स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा, काचेवर धार धरली, आणि लुगड्याच्या पदरानं पुसायला लागल्या. हळू, न्हाणीत लेकराचं तोंड धुवावं तशा. पिवळं पाणी मातीत जिरलं. पहिली काच पुसून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या, आपल्या चष्म्याच्या काचा पुसल्या आणि डोळ्यांवर चढवल्या.

हे म्हणाले, "आई, नवसाचं काय मग?"

"नवस मोडायचा न्हाई." त्यांनी पॅनल उलटा केला आणि मागच्या पत्र्यावर बोटभर भंडारा लावला. "हितं लावीन रोज. पाठीला. देवाला काय फुडनंच दिसतंय व्हय?" आणि मग माझ्याकडं न बघता, "आन सूनबाय, फुडच्या टायमाला तोंडानं सांग. दिवसभर बोलत असतीस की."

त्या दिवशी तांबडीच्या पाठीवरची काच अशी तळपत होती, की वाटेतल्या बायका डोळ्यांवर हात धरत होत्या. सरपंच जाऊबाईंच्या घोड्यावरून तिच्याकडं बघत होता. संध्याकाळी पेटीवरचा हिरवा दिवा लागला. मी डबी लावली, मशीनं आत ठेवली. जाऊबाई फोन घेऊन हळूच आल्या तेव्हा आत्यांनीच त्यांना परतवलं, "वरात थांबू दे अजून एक दिस."

दुसरा दिवस. घाटाखालचं गाव समोर, शाळेची पांढरी इमारतही दिसत होती, पत्र्याला ऊन लागलं की चमकायची. आम्ही माळावर तळ टाकला. दुपारी मी झाकण पाडलं. बानू वळली. जरा वेळानं पळी पाडली. ती वळली, आणि ह्या वेळी वैतागून म्हणाली, "आय, नको." जाऊबाई म्हणाल्या, "मेंढरांच्या वतीनंबी सांगितलं तिनं."

सूर्य टेकायला आला. मशीनं अजून चालू. हे फोन घेऊन दगडावर बसले होते. चार्जिंग पूर्ण, शाळेचा नंबर समोर, उद्या सकाळी करायचा की नाही ते ठरत नव्हतं. एका दिवसानं काय होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. एका दिवसानं काय होतं? आत्या घोंगडी घेऊन पॅनल गुंडाळायला बसल्या होत्या, पण गुंडाळत नव्हत्या. आम्ही सगळेच कशाची तरी वाट बघत होतो आणि कुणी कुणाला सांगत नव्हतो.

मी बानूला मांडीवर घेतलं. डबी उघडली. नेहमीसारखं बोलत होते. आता दिवस मावळला. आता कोकरं आईजवळ गेली. आता मी तुझं एक मशीन काढते, हे बघ, काढलं. आता दुसरं काढते.

तिनं माझा हात धरला. दुसऱ्या कानापाशी, घट्ट. डबीत ठेवलेल्या पहिल्या मशीनकडं बघितलं, मग मावळतीच्या लाल आभाळाकडं, मग पेटीवरच्या हिरव्या दिव्याकडं, आणि मग माझ्या तोंडाकडं.

"आय," ती म्हणाली. "आवाज कुटं जातो?"

आत्यांच्या हातातली घोंगडी तशीच राहिली. ह्यांनी फोन बंद केला, बंडीच्या खिशात घातला आणि चेहरा मेंढरांकडं वळवला. बागवान मॅडमना सांगायला हवं होतं, आधी देवाला सांगायला हवं होतं, सगळ्या माळाला ओरडून सांगायला हवं होतं. पण मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, उत्तरासाठी, आणि मी तोंड उघडं टाकून बसले होते. कांद्यापासून घाटापर्यंत जगातलं सगळं मी ह्या पोरीला सांगितलं होतं. हे तेवढं सांगितलं नव्हतं.

बानूनं वाट बघितली. मग माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडं वळवलं, मी ऐकलं नसेल असं समजून, आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, जरा सावकाश, मी तिच्याशी बोलते अगदी तशी म्हणाली,

"आय. रातीला आवाज कुटं जातो?"